हलक्या हाताची पेन्सिल

थोरल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात खोडरबर दोऱ्यानं टेबलाला बांधलेलं असे. पेन हरवलं तर चालेल, थर्मामीटर फुटला तर दुसरा येईल, पण खोडरबर हाताशी पाहिजेच, असा त्यांचा दंडक होता. नव्या माणसाला त्याचं हसू यायचं. धाकटीलाही पहिल्या दिवशी आलं होतं.

धाकटी म्हणजे तिथली धाकटी डॉक्टर. तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. पेशंट तिला 'धाकट्या बाई' म्हणायचे, कंपाउंडर 'ताई' म्हणायचा आणि थोरले स्वतः 'पोरी' म्हणायचे. पदवी हातात पडून जेमतेम दोन महिने झाले होते. बरोबरीच्यांपैकी कुणी हृदय धरलं होतं, कुणी हाडं, कुणी डोळे. हिला मात्र अख्खा माणूस हवा होता, तोही घरादारासकट. म्हणजे फॅमिली मेडिसिन. वर्गात तिची यथेच्छ थट्टा झाली. "एवढी घोकंपट्टी करून शेवटी सर्दी-खोकलाच ना?" असं म्हणण्यात तिची जिवाभावाची मैत्रीण सगळ्यांच्या पुढं होती, आणि गंमत बघा, अर्ज भरायची वेळ आली तेव्हा त्याच मैत्रिणीनं मुकाट्यानं तोच रकाना भरला.

हे वेड धाकटीला लावलं होतं थोरल्यांनीच. ती बारा वर्षांची असताना तिचे बाबा गेले. छापखान्यात काम करणारा, चार शब्दांच्या जागी दोनच वापरणारा माणूस. खोकला लागला, तो काही हटेना, आणि निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता. शेवटचे दोन महिने थोरले रोज संध्याकाळी तीन जिने चढून यायचे. आता औषधाचा उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं आणि बाबांनाही होतं. तरी ते यायचे, खुर्ची पलंगाशी ओढायचे आणि बाबांचा हात हातात घेऊन अर्धा तास बसायचे. दाराआडून ती पोर हे बघायची. डॉक्टर व्हायचं तर असं, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

आईनं तर थोरल्यांना देवाच्या जागी नेऊन बसवलं होतं. शिवणकाम करून तिनं मुलीला डॉक्टर केलं, आणि दर वर्षी थोरल्यांसाठी एक पांढरा कोट शिवून दिला. "हातासरशी झाला हो," असं म्हणून द्यायची, पण त्या कोटाची काजं मशीनवर कधी केली नाहीत. बाबांची आठवण निघाली की एक गोष्ट ती अभिमानानं सांगायची. "दवाखान्यात कधी घाई म्हणून केली नाही त्यांनी. 'आधी या बाईंना घ्या, मी बसतो' म्हणायचे. बसून राहायचे आपले शेवटपर्यंत."

आता नियम असा होता, की स्वतःच्या पाटीखाली दवाखाना थाटायचा तर तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात राहून शिकायची उमेदवारी, करायलाच हवी, आणि त्या उमेदवारीसाठी पदवीनंतर दोनदाच अर्ज करता येई. दोन्ही वेळा हुकलं की विषय संपला. मग जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली ब्लडप्रेशर मोजत बसायचं. अर्जावर हॉस्पिटलांची नावं आपल्या पसंतीनं लिहायची, हवी तेवढी. हॉस्पिटलंही मुलामुलींची यादी आपल्या पसंतीनं लावायची, आणि दोन्ही याद्या जुळवून निकाल लागायचा. शहाणी मुलं आठ-दहा नावं लिहून मोकळी व्हायची.

धाकटीनं एकच नाव लिहिलं. थोरले आठवड्यातून तीन दिवस जिथं शिकवायला जात, त्या मोठ्या हॉस्पिटलचं. तिथल्या निवड समितीत त्यांचा शब्द शेवटचा असे.

"दुसरी नावं कशाला?" थोरले म्हणाले होते. "यादी लांबली की समितीला वाटतं, या पोरीचं मन काही इथं नाही. एकच नाव लाव. बाकी माझ्यावर सोड."

मैत्रिणीनं हे ऐकून कपाळाला हात लावला. "एकच नाव? अगं, अर्ज आहे का लग्न?"

"तुला नाही कळायचं," धाकटी म्हणाली. स्वतः नऊ नावं लिहिणाऱ्या मैत्रिणीची तिला तेव्हा थोडी कीवच आली.

अर्ज गेला आणि इकडे दवाखान्यातलं शिक्षण सुरू झालं. दार साडेआठला उघडायचं, पण बाक आठलाच भरलेला असायचा. धाकटीचं पहिलं काम म्हणजे बाकावरून एक फेरी. प्रत्येकाला दोन प्रश्न, मनगटावर बोटं, चेहऱ्यावर एक नीट नजर, आणि कार्डाच्या समासात आजच्या तारखेशेजारी पेन्सिलीनं एक खूण. उभी रेघ म्हणजे लगेच आत. तिरकी म्हणजे नंबरानं. आणि गोल म्हणजे थांबू शकतो. गोलवाल्यांना खिडकीकडच्या मागच्या बाकावर बसवायचं, आणि गर्दी फारच झाली तर उद्या या म्हणून सांगायचं. या खुणा थोरल्यांच्या स्वतःच्या होत्या. दवाखान्याबाहेर त्या कुणाला कळायच्या नाहीत. कळायच्या त्या तिघांनाच: थोरल्यांना, कंपाउंडरला आणि आता हिला.

"पेन्सिल हलकी धर," थोरल्यांनी पहिल्याच सकाळी तिचा हात धरून दाखवलं. "कागदाला नुसती टेकव. माणूस आठ वाजता वेगळा असतो आणि दहा वाजता वेगळा. आपण केलेली खूण आपल्याला खोडता आली पाहिजे. दाबून काढलीस, की तू ठरवून मोकळी झालीस. मग त्या माणसाकडे पुन्हा बघत नाहीस तू."

एवढी मोठी पुस्तकं वाचली, पण हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिनं रात्री घरी जाऊन ते वहीत उतरवून ठेवलं.

आणि खरंच, ते काही खोटं शिकवत नव्हते. एका सकाळी घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा आले. खांदा दुखतोय म्हणाले, दिवसभर मान वाकवून बसतो म्हणून असेल म्हणाले. तिनं गोल काढला आणि त्यांना मागच्या बाकावर बसवलं. तासाभरानं पाणी प्यायला म्हणून ती तिकडून गेली, तर आजोबांच्या कपाळावर घाम आणि ओठ पांढुरके. तिनं टेबलाशी येऊन उभ्याउभ्या गोल खोडला, रेघ ओढली आणि हाताला धरून त्यांना आत नेलं. आजोबा वाचले. हॉस्पिटलच्या गाडीत त्यांना घातल्यावर थोरले तिच्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? खोडता आलं म्हणून माणूस हाती लागला." आठवडाभर ती जमिनीवरून दोन बोटं वर चालत होती.

कंपाउंडरला मात्र या कौतुकाचं काही पडलं नव्हतं. पंचवीस वर्षं पुड्या बांधून त्याची जीभ चांगलीच तिखट झाली होती. "ताई, एक सांगू का?" एकदा तो गोळ्या मोजता मोजता म्हणाला. "गोल कुणाला मिळतो, माहितीय? जो भांडत नाही त्याला."

"काहीतरीच काय, काका!"

"बरं, राहिलं. मी आपला पुड्या बांधणारा."

निकाल लागला त्यात तिचं नाव नव्हतं. थोरल्यांनी तिला आतल्या खोलीत बोलावून स्वतः सांगितलं. "पाचवं नाव तुझं होतं, पोरी. जागा चारच. एका जागेनं गेलं बघ." तिची फाईल समितीकडून परत आली होती, तीही त्यांनी स्वतःच आणली होती, आणि आता कुठं डोळ्यांसमोर नको म्हणून कपाटावर ठेवून दिली. ती रडली. त्यांनी आपला रुमाल पुढं केला. आपल्यामुळं म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर लागला, म्हणून उलट तिलाच अपराधी वाटलं.

"पुढच्या वर्षी तुझं पहिलं," ते म्हणाले. "माझ्यावर विश्वास आहे ना?"

हा काय प्रश्न झाला!

मैत्रिणीला तिच्या यादीतलं सातव्या नंबरचं हॉस्पिटल मिळालं, कुठंतरी आडबाजूला. पण महिन्याभरात तिचे फोन यायला लागले. तिच्या नावावर पन्नास कुटुंबं दिली होती, तीन वर्षं तीच बघायची. "अगं, एका घरात आजी, सून आणि नात, तिघी माझ्याच पेशंट. काल नातीला ताप होता, तर आजी मला म्हणते, तू आधी जेवून घे मग तिला तपास!" ती खिदळत होती. धाकटी फोन कानाला लावून हसत होती आणि दुसऱ्या हातानं उद्याची कार्डं लावत होती.

त्याच वर्षी थोरल्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. चार महिने दवाखाना धाकटीनं एकटीनं ओढला. सकाळची फेरी तिची, तपासणी तिची, संध्याकाळी चालता न येणाऱ्यांच्या घरी जाणं तिचं. थोरले घरून फोनवर विचारायचे, "आज किती गोल?" आणि ती सांगायची. लोक म्हणायला लागले, थोरल्यांनी वारस चांगला निवडला. आईच्या कानावर ते गेलं, तेव्हा त्या वर्षीच्या कोटाला तिनं आतून दोन खिसे जास्तीचे लावले.

असं करत वर्ष सरलं आणि दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या अर्जाचा शेवटचा दिवस आला. अर्ज घेणाऱ्या मेडिकल कौन्सिलची खिडकी पाचला बंद होणार होती. नव्या अर्जाला मूळ प्रमाणपत्रं दाखवायची होती आणि गेल्या वर्षीच्या अर्जाची झेरॉक्स जोडायची होती, आणि हे सगळं त्या कपाटावरच्या फाईलमध्ये होतं. अर्ज तिनं आधीच भरून ठेवला होता, फक्त हॉस्पिटलांचा रकाना रिकामा होता. तो भरायला काय लागतं? एकच तर नाव.

सकाळचे पेशंट आटोपल्यावर कंपाउंडरनं स्टुलावर चढून फाईल काढली, फुंकर मारून धूळ उडवली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती टेबलावर उघडली. वरचाच कागद गेल्या वर्षीचा अर्ज होता. डाव्या बाजूला तिचा फोटो, त्याखाली तिची सही. आणि उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेला एक छोटा गोल.

तिनं आधी तो नुसता बघितला. रोज शंभर वेळा बघायची सवय होती, त्यामुळं डोळ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मग ती खुर्चीत बसली.

"काका, हे बघा."

कंपाउंडरनं वाकून बघितलं आणि मग नजर फरशीवर लावली. "मी कार्डं आत सोडतो, ताई. अर्ज नाही," एवढंच तो म्हणाला आणि पुड्यांचे कागद कापायला निघून गेला.

थोरले आतल्या खोलीत डबा उघडून बसले होते. तिनं कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"सर, हा गोल तुम्ही काढलात?"

त्यांनी चष्मा वर केला, कागद बघितला. दचकले वगैरे नाहीत. एखाद्या जुन्या पेशंटचं कार्ड बघावं तसं ते बघत राहिले.

"हो. मीच."

"तुम्ही म्हणालात, पाचवं नाव होतं माझं."

"म्हणालो. तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो."

"म्हणजे नव्हतं?"

"पोरी, बस आधी." ती बसली नाही. "माझ्यासमोर तेव्हा चाळीस अर्ज होते. त्यातला एक मुलगा असा होता, की त्याला जागा मिळाली नसती तर त्यानं डॉक्टरकी सोडली असती. एका मुलीला सासरचे म्हणत होते, आता पुरे झालं शिक्षण. त्यांचं अडलं होतं. तुझं काय अडलं होतं? तू माझ्याकडे होतीस. हुशार, खंबीर, तक्रार न करणारी. समितीला मी तेच सांगितलं, ही थांबू शकते. खोटं काय सांगितलं मी? थांबलीसच की."

"मी एकच नाव लावलं होतं, सर. तुम्ही सांगितलंत म्हणून."

त्यांनी हातातली पोळी परत डब्यात ठेवली. मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "गुडघे करायचे होते मला. दवाखाना कुणाच्या हातात देऊन जाणार होतो? बाहेरच्या माणसाला या बाकावरची माणसं कळली असती? तूच सांग."

चाळीसजणांत त्यांनी तिला पारखलं होतं आणि ती चोख निघाली होती, म्हणूनच मागच्या बाकावर बसवली होती. तिला ओरडायचं होतं. चार महिने रात्री पाय सुजेपर्यंत ओढलेला दवाखाना, रोजचे ते "आज किती गोल?" आणि आपलं ते शहाण्यासारखं मोजून सांगणं, सगळं एकदम आठवलं. पण समोर बघितलं तर पांढरा कोट घातलेला एक थकलेला माणूस, काठी खुर्चीला टेकवून ठेवलेली. आईनं शिवलेला कोट. या माणसानं तीन जिने चढून बाबांचा हात धरला होता. ती ओरडू शकली नाही. फक्त डोळे वाहायला लागले.

"चुकलो असेन," थोरले म्हणाले. त्यांचा आवाज खरंच उतरला होता. "पण पेन्सिलीचीच खूण होती गं. माझा हात तुला माहितीय. नुसती टेकवली होती. समितीत कुणी एक शब्द जरी तुझ्या बाजूनं काढला असता, तर तिथंच खोडली असती. या वर्षी मी स्वतः उभी रेघ ओढतो. शब्द देतो तुला. लाव आपलं नाव, आणि पाचच्या आत दे."

खोटं कशाला सांगा, ती विरघळली. माणसाला ज्याच्यावर विश्वास ठेवायची सवय असते, त्याच्यावर तो पुन्हा ठेवायला काही वेळ लागत नाही. डोळे पुसून ती बाहेर आली. अडीच वाजले होते. तिनं विचार केला, पेन्सिलीचीच तर होती. म्हाताऱ्या माणसाच्या मनात आलं, टेकवली, कुणी बोललं नाही म्हणून राहिली. रेघ ओढतो म्हणतात तर ओढतील. तिनं पेन उघडलं आणि रिकाम्या रकान्यात हॉस्पिटलच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलंसुद्धा. मग आठवलं, जुन्या अर्जाची झेरॉक्स जोडायची आहे, तिच्यात हा गोल उमटायला नको. तिनं टेबलाशी लोंबणारं खोडरबर ओढून घेतलं आणि अर्जाचा कोपरा खोडायला लागली.

शिसं गेलं. गोल गेला नाही.

तिनं फुंकर मारून कागदावरचा चुरा उडवला आणि पुन्हा घासलं. पांढऱ्या कागदात गोल खोल उमटलेला होता, अगदी पुरता, जिथून सुरू झाला तिथंच मिटलेला. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. कागद उलटा केला, तर मागच्या बाजूला तो फुगून आला होता. फाईलमधला खालचा कागद बघितला. त्याच्यावरही त्याच जागी पुसटसा वळ होता.

थोरल्यांच्या खुणा असलेली काही हजार कार्डं तिनं वर्षभरात हाताळली होती. एकावरही तिला असा वळ लागला नव्हता. थोरल्यांनी आयुष्यात एकच गोल दाबून काढला होता, आणि तो तिच्यासाठी. कुणी बोललं असतं तर खोडणार होते म्हणे. आता मात्र तिला रडू आलं नाही. तिला इतका राग आला, की रकान्यातलं ते पहिलं अक्षर तिला बघवेना.

कंपाउंडर पुड्या बांधता बांधता बघत होता. "ताई, चारला झेरॉक्सवाला दुकान बंद करून जातो कधीकधी," तो म्हणाला.

ती उठली. झेरॉक्स अगदी स्वच्छ आली, कोपरा कोरा. मूळ कागद तिनं पिशवीत वेगळा ठेवला. कौन्सिलच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून तिनं मैत्रिणीला फोन लावला, तिची नऊची यादी विचारली आणि पेन्सिलीनं नव्हे, पेनानं नावं लिहायला घेतली. आधी लिहिलेलं ते पहिलं अक्षर आडव्या रेघेनं खोडून टाकलं आणि शेजारी सही केली.

"खाडाखोड आहे," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"सही केलीय मी शेजारी."

बाईंनी नावं मोजली. "नऊ. आणि इथलं मोठं हॉस्पिटल नाही लिहिलंत? बरेचजण तेच पहिलं लिहितात."

"राहू दे."

पुढचा महिनाभर ती दवाखान्यात येत राहिली, कारण बाकावरच्यांचा काय दोष? फेरी मारायची, खुणा करायची आणि गोलवाल्यांकडे दर अर्ध्या तासानं जाऊन यायची. थोरल्यांशी पेशंटपुरतं बोलायची. समितीची बैठक झाली त्या संध्याकाळी ते दाराशी काठी टेकवून उभे राहिले. "तुझी फाईलच आली नाही आमच्याकडे," ते म्हणाले. तिनं उद्याची कार्डं लावायला घेतली. रेघ ओढण्यासाठी त्यांनी फाईल शोधली होती की नुसतंच चौकशी म्हणून विचारलं, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

निकालात तिला तिच्या यादीतलं चौथ्या क्रमांकाचं हॉस्पिटल मिळालं, घरापासून आठ तासांवर. ती तीन जिने चढून घरी आली तेव्हा आई मशीनवर होती. मशीनखाली थोरल्यांचा या वर्षीचा कोट होता, फक्त काजं व्हायची राहिली होती. निकाल ऐकून आईनं मशीन थांबवलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"लांब आहे, पण असू दे. आज काजं करते, उद्या कोट घेऊन दोघी जाऊ त्यांच्याकडे. त्यांच्यामुळं झालं सगळं."

महिनाभर धाकटीनं आईपासून लपवलं होतं. आता तिला ते जमेना. तिनं पिशवीतून तो कागद काढून मशीनच्या फळीवर ठेवला.

"आई, या कोपऱ्यावरून अंगठा फिरव."

आईनं फिरवला. चाळीस वर्षं कापड हाताळलेला अंगठा. "कुणीतरी गोल काढून खोडलाय," ती म्हणाली. "चांगला दाबून काढलाय. कापडावर अशी दाबून रेघ ओढली ना, की धुतली तरी जात नाही. कुणी काढला?"

"सरांनी."

मग तिनं सगळं सांगितलं. खुणा, हलकी पेन्सिल, ते खोटं पाचवं नाव, गुडघे, "थांबू शकते" हे त्यांचं समितीतलं बोलणं. तिला वाटलं होतं आई चिडेल, त्यांची बाजू घेईल, म्हणेल की मोठ्या माणसांच्या मनात काहीतरी असेल. आई कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून ऐकत राहिली. सगळं संपल्यावर तिनं फक्त विचारलं, "गोल म्हणजे काय म्हणालीस?"

"थांबू शकतो."

आई उठली. मशीनचा खालचा खण उघडून तिनं बटणांचे डबे बाजूला केले आणि तळाशी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं एक कार्ड काढलं. बाबांचं. माणूस गेला की त्याचं कार्ड थोरले घरच्यांना परत द्यायचे, आठवण म्हणून राहू दे म्हणायचे. धाकटीनं ते शेवटचं बघितलं तेव्हा ती बारा वर्षांची होती.

आईनं ते तिच्यापुढं धरलं. समासात एकाखाली एक तारखा होत्या, पाच महिन्यांच्या. पहिल्या तारखेशेजारी एक छोटा गोल होता. दुसऱ्या तारखेशेजारी गोल. तिसऱ्या, चौथ्या, तसंच खाली. सगळ्यात शेवटच्या तारखेशेजारी उभी रेघ होती. सगळे गोल हलक्या हाताचे होते, पेन्सिल नुसती टेकवलेली. खोडायला काहीच लागलं नसतं.

"मला वाटायचं, आले होते म्हणून खूण करत असतील," आई म्हणाली. "हजेरीसारखी." तिनं बोटानं एक गोल दाखवला. "हे पण तेच का गं?"

घरच्यांना सगळं एकदम सांगायचं नसतं, हेही थोरल्यांनीच शिकवलं होतं. धाकटीनं आईच्या तोंडाकडे बघितलं.

"हो, आई. सगळे तेच आहेत."

आईनं बोट ठेवून गोल मोजले. मग चष्मा लावून पुन्हा मोजले. सात होते.